सोवळ्यातले संगीत

कोल्हापुरातील कित्येक सुविद्य गृहस्थांस अलीकडे संगीताच्या शुद्धतेची मोठी काळजी लागली आहे. शहरातील काही मुले रॅप म्हणतात, काही ख्याल शिकतात, काही शाहिरांच्या घरात वाढली आहेत. ही मुले एकत्र बसून गाणे बांधू लागली तर घराण्याची गायकी बाटेल, असे ह्या गृहस्थांचे म्हणणे. आमच्या माहितीतील एका संस्थेने अशा संयुक्त कार्यक्रमास सभागृह नाकारताना, 'ही वास्तू अभिजात संगीतासाठी आहे' असे कारण दिले. असे कारण कोल्हापुरात दिले जावे ह्याचे आम्हांस नवल वाटते. कारण ज्या वारशाच्या नावाने हे सोवळे नेसले जात आहे, तो वारसा मुळी सोवळ्यात वाढलेलाच नाही.

अल्लादियाखाँसाहेबांचेच घ्या. शाहू महाराजांनी त्यांना दरबारगायक म्हणून आश्रय दिला. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर ते मुंबईस गेले. त्यांचे कूळ ध्रुपदियांचे. त्यांनी ख्याल पत्करला, मुबारक अलीखाँच्या तानेचा संस्कार घेतला, आणि पुढे आवाज बिघडला तेव्हा त्या बिघडलेल्या आवाजास मानवेल अशी गायकी नव्याने घडविली. आज जिला आपण कुलपात ठेवू पाहतो ती गायकी अशी अनेकांकडून घेऊन आणि अडचणीशी झगडून सिद्ध झालेली आहे. (तिच्या नावात जयपूर आहे, अत्रौली आहे, कोल्हापूर मात्र नाही, आणि त्यावाचून आमचे काही अडलेही नाही.) खाँसाहेबांचे शिष्य भास्करबुवा बखले ह्यांनी तर फैज महंमदखाँ व नत्थनखाँ ह्यांचीही तालीम घेतली होती. त्यांना कोणी बाटगा म्हटल्याचे ऐकिवात नाही.

परंतु खरा साक्षीदार म्हणजे गोविंदराव टेंबे. हार्मोनियम ही विलायती पेटी. तिच्यातून आपल्या श्रुती निघत नाहीत, म्हणून १९४० साली नभोवाणीने तिला मज्जाव केला आणि तो १९७१ पर्यंत टिकला. त्याच पेटीवर भास्करबुवांची साथ करता करता कोल्हापूरच्या ह्या रसिकाने बैठकीचे गाणे आत्मसात केले आणि १९११ साली 'मानापमान'च्या चाली बांधल्या. त्यांत पूरबेकडील ठुमरी-दादऱ्याचे वळण आहे. हे गाणे कोठ्यावर नांदत होते, आणि घरंदाज कुटुंबे त्यास उंबऱ्याबाहेर उभे करीत. आज त्याच वळणाची पदे आमच्या घरच्या मुली 'संस्कार' म्हणून शिकतात! पुढे १९३२ साली प्रभात कंपनीने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला, तेव्हा टेंबे त्यात हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांनीच दिले. बैठक, रंगभूमी, बोलपट हे तिन्ही उंबरठे एकाच माणसाने ओलांडले.

आणि केशवराव भोसले? ह्या कोल्हापूरच्या नटाची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची मंडळी ह्यांची चुरस जगजाहीर होती. तरीही १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी, चाली टेंब्यांच्या. त्या रात्री कोणाची गायकी कमी झाली, हे आमच्या शुद्धिवाद्यांनी सांगावे.

ह्यावर उत्तर ठरलेले आहे: ते सारे रागदारीतले लोक होते, रॅप हे गाणेच नव्हे, ते तालावर बोलणे. ठीक आहे. मग कलगीवाले आणि तुरेवाले रात्ररात्र डफावर सवालजवाब करीत, ते काय करीत होते? शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या पोवाड्याने ज्यांची छाती फुगते, त्यांनी तालावर बोलण्यास नाक मुरडावे हे हास्यास्पद आहे. रॅपचा जन्मही सहवासातलाच. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क नामक तरुणाने सोल आणि फंक गाण्यांच्या तबकड्यांतील नुसत्या तालाचे तुकडे पुनःपुन्हा वाजविले, आणि त्यावर बोलण्याची कला वाढली. १९९९ साली फिलाडेल्फियाच्या 'द रूट्स' ह्या रॅपमंडळीचे 'यू गॉट मी' हे गाणे गाजले. त्याच्या रचनेत त्याच शहरातील सोलगायिका जिल स्कॉट हिचा हात होता. इकडे मुंबईच्या 'स्वदेसी' मंडळीने २०१९ साली आरेच्या जंगलासाठी गाणे केले, तेव्हा वारली गायक प्रकाश भोईर ह्यांस बरोबर घेतले. कोल्हापूरला मात्र सभागृहाची किल्ली सापडत नाही.

तरुणांसही दोन शब्द सुनावले पाहिजेत. रॅपच्या मध्यभागी ख्यालियाची उसनी तान चिकटविणे म्हणजे सहकार्य नव्हे. टेंबे कित्येक वर्षे दुसऱ्याच्या गाण्यामागे पेटी घेऊन बसले, तेव्हा त्यांना चाल सुचली. ज्याला शेजाऱ्याची समही ओळखता येत नाही त्याने संयुक्त कार्यक्रमाच्या जाहिराती लावू नयेत. शिवाय साथीदाराच्या नावाचा आणि बिदागीचा प्रश्न आहेच. जुन्या तबकड्यांवर गायकाचे नाव ठसठशीत असे, सारंगियाचे बहुधा नसेच. ती कंजुषी तेवढी परंपरा म्हणून उचलू नका.

शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेले नाट्यगृह, ज्यास पुढे केशवरावांचे नाव मिळाले, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. सारे शहर हळहळले, पुनर्बांधणीसाठी सर्वांनी आवाज उठविला. त्या वेळी हळहळणाऱ्याची गायकी कोणी विचारली नव्हती. त्या जागी उभ्या राहणाऱ्या रंगभूमीवर ख्यालिया, शाहीर आणि रॅप म्हणणारा मुलगा ह्यांची एक संयुक्त रात्र व्हावी, अशी आमची मागणी आहे. आणि हस्तपत्रकावर ढोलकीवाल्याचे नाव गायकाच्या नावाएवढ्याच टायपात छापावे.