सरासरीचा रकाना आणि आल्बर्ट फिंक

मालवाहतुकीच्या परिव्ययपत्रकात ‘प्रति टन-किलोमीटर सरासरी खर्च’ एवढा एकच रकाना मान्य करून बाकीचा तपशील ‘अनावश्यक’ या शेऱ्यासह परत धाडणाऱ्या खरेदी विभागांविषयी सभासदांची पत्रे पुन्हा येऊ लागली आहेत. तक्रार रास्त आहे. मात्र तो रकाना वर्षानुवर्षे निमूटपणे भरून देणारेही परिव्यय लेखापालच आहेत, याचा उल्लेख एकाही पत्रात नाही.

या रकान्याचा फोलपणा अमेरिकेत १८७४ सालीच उघड झाला होता. जर्मनीत १८२७ साली जन्मलेला आणि डार्मश्टाट येथे अभियांत्रिकी शिकलेला आल्बर्ट फिंक १८४९ साली अमेरिकेत गेला, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेत पूल बांधून नावारूपाला आला आणि पुढे लुइव्हिल अँड नॅशव्हिल रेल्वेचा उपाध्यक्ष झाला. त्याने टन-मैलाचा, म्हणजे एक टन माल एक मैल नेण्याचा, खर्च काढताना एकूण खर्चाला एकूण टन-मैलांनी भागण्याची सोपी रीत नाकारली आणि खर्चाचे चार वर्ग पाडले: वाहतूक कमीजास्त झाली तरी न बदलणारा मार्गाच्या देखभालीचा व देखरेखीचा खर्च, मालाच्या प्रमाणात बदलणारा स्थानकावरचा खर्च, गाडी जितकी धावेल तितका वाढणारा चलनखर्च आणि भांडवलावरील व्याज. वीस मैल जाणारी वाघीण भरण्याउतरवण्याला जेवढी मजुरी पडते तेवढीच दोनशे मैल जाणारीलाही पडते. त्यातच पहिली परतीला रिकामी आली आणि दुसरी भरून आली, तर एकाच मार्गावरच्या या दोन फेऱ्यांना एकच सरासरी लावणे हा हिशेब नव्हे, अंदाज आहे, आणि तोही लांब पल्ल्याच्या ग्राहकाच्या खिशातून आखूड पल्ल्याच्या ग्राहकाला सवलत देणारा.

फिंकने नंतर रेल्वे कंपन्यांचे संघ चालवून दर सांभाळण्याचा उद्योग केला, वाहतूक वाटून घेण्याच्या त्या पद्धतीवर १८८७ च्या कायद्याने बंदी आली. तो भाग अनुकरणीय नाही. त्याचे चार वर्ग मात्र आजही जसेच्या तसे चालतात.

रकाना कोरा ठेवला तर निविदा बाद होईल, ही भीती खरी आहे. तेव्हा सभासदांनी रकाना भरावाच, पण या चार वर्गांचे पुरवणी पत्रक रिकाम्या फेऱ्यांच्या नोंदीसह, स्वतःच्या सहीने प्रत्येक वेळी जोडावे, आणि ते परत आले तर शेऱ्याच्या प्रतीसह या मासिकाकडे पाठवावे.