डुगडुगणारं टेबल

काय मुलांनो, तुमच्या घरात एखादं टेबल डुगडुगतं का? एका पायाखाली कागदाची घडी सरकवून ठेवलीय का? मग आजची गोष्ट खास तुमच्यासाठी. आई-बाबांनी वाचली तरी हरकत नाही.

माझ्या चौथीच्या वर्गात वाचनाचा एक कोपरा आहे. सतरंजी आहे, पुस्तकं आहेत, पण पुस्तकं मांडायला टेबल नव्हतं. "बाई, टेबल कधी आणणार?" हे रोज ऐकून एप्रिलमध्ये मी एकदा बोलून गेले, "आणायचं कशाला? सुट्टीत मी करते की! जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा टेबल तयार!"

बोलायला काय जातं! कबूलच करते, डी.एड.ला असताना मी नई तालीमवर पानभर उत्तर लिहिलं होतं. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलं की मुलांनी हाताने काम करत शिकावं, वगैरे वगैरे. मार्क छान मिळाले होते. करवत मात्र मी जन्मात हातात धरली नव्हती.

तर मे महिन्यात मी आणि सातवीतल्या दोन मुली, अशा तीन शिकाऊ उमेदवार आमच्या गावातल्या सुतारकाकांच्या कारखान्यात हजर झालो. चौथा होता काकांचा नातू. तोही सातवीतच, पण तो आमचा गुरू. पायांसाठी एका पाडलेल्या जुन्या घराचे सागवानी वासे मिळाले, वरच्या फळ्या शाळेच्या मोडक्या बाकांच्या. त्यांवर कर्कटकाने कोरलेली नावं होती. रंधा मारून ती घालवायची का, असं काकांनी विचारलं. आम्ही म्हटलं, नको, ती बाजू खाली करू.

पहिला अख्खा दिवस काकांनी नुसत्या रेघा मारायला लावल्या. हातात गुण्या, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतल्या गुण्याचा थोरला भाऊ. मला वाटलं, काटकोन तर मी दहा वर्षं शिकवतेय! पण फळ्यावरचा काटकोन जरा चुकला तर पुसता येतो. लाकडावरचा चुकला की सांध्यात फट पडते, आणि त्या फटीतून चक्क पलीकडचं दिसतं.

माप घ्यायचं ते सुतात. एका इंचाचे आठ सूत. आडव्या पट्टीची जाडी होती सव्वा इंचाला एक सूत कमी. तिच्या टोकाला कुसू काढायचा होता. कुसू म्हणजे पायाच्या भोकात घट्ट बसणारी जीभ. तिची जाडी पट्टीच्या साधारण एक तृतीयांश ठेवतात. मी वहीत सव्वातून एक अष्टमांश वजा करायला छेद समान करत बसले. तेवढ्यात नातू म्हणाला, "नऊ सूत, बाई. मधले तीन ठेवायचे."

हा मुलगा तीन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होता. त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'गणितात कच्चा' असं मीच लिहिलं होतं. लाल शाईनं.

"वर्गात का नाही रे असं सांगायचास?"

"वर्गात सूत नव्हतं ना, बाई."

मी काही बोलले नाही. रंधा मारायला लागले, तो लाकडाच्या रेषांच्या उलट्या दिशेनं! सगळे ढलपे उचकटले आणि पुन्हा बोलणी खाल्ली. मुलींचा हात माझ्यापेक्षा लवकर बसला. (पटाशी मात्र शेजारी मोठं माणूस असल्याशिवाय कुणी उचलायची नाही. आणि दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे!)

सरस लावून चौकट जोडल्यावर काकांनी दोन्ही कर्ण मोजायला लावले. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील आणि कर्णही सारखे भरले, तर चौकट काटकोनात. आमच्या कर्णांत तीन सुतांचा फरक! सरस ओला होता म्हणून बरं. लांब कर्णाची टोकं क्लॅम्पमध्ये दाबून फरक घालवला. वरच्या फळ्या मात्र काकांनी चिकटवू दिल्या नाहीत, लांबट भोकांतून स्क्रूनं बसवल्या. पावसाळ्यात तुमच्या घरचं दार फुगून घट्ट होतं ना, तशाच या फळ्याही रुंदीत फुगणार. त्यांना हलायला जागा हवी.

शेवटी टेबल उभं केलं आणि ते डुगडुगलं!

दोष माझाच. करवतीच्या पात्यालाही जाडी असते, तेवढ्या लाकडाचा भुसा होतो. म्हणून रेघ शाबूत ठेवून टाकाऊ बाजूनं कापायचं, हे काकांनी तीनदा बजावलं होतं. एका पायाला मी विसरले आणि पाय सूतभर आखूड झाला. मी म्हटलं, उरलेले तीन पाय थोडे कापू या. काका हसले. "बाई, असं कापत बसलात तर टेबलाचा पाट होईल."

मग नातवानं टेबल पाव फेरी फिरवलं. जमिनीचा दोष असता तर आता दुसरा पाय अधांतरी राहिला असता. पण पुन्हा तोच राहिला, म्हणजे टेबलच चुकलं. आम्ही ते काकांच्या कामाच्या सपाट टेबलावर चढवलं. आखूड पायाखाली डुगडुग थांबेपर्यंत चिपा सरकवला. मग दोन सूत जाडीची पट्टी पायांना टेकवून ठेवली आणि तिच्यावरून पेन्सिल फिरवत चारही पायांना सगळीकडून रेघ मारली. त्या रेघेवर सगळे पाय कापले. बावीस इंचांचं टेबल पावणेबावीस इंचांचं झालं, पण हलेना!

जूनमध्ये ते वाजतगाजत वर्गात आलं, कोपऱ्यात ठेवलं आणि पुन्हा डुगडुगलं. माझा चेहरा उतरला. तेवढ्यात सातवीच्या वर्गातून नातू आला. त्यानं टेबल जरासं फिरवलं, आणखी जरासं, आणि ते गपकन स्थिर झालं. या खेपेला दोष आमच्या वर्गाच्या फरशीचा होता.

तेव्हापासून टेबल कोपऱ्यात तिरकं उभं आहे. मुख्याध्यापक येता-जाता ते सरळ करतात. त्यांची पाठ वळली की मुलं पुन्हा तिरकं करतात.