आरोग्यविचार : घास अडू लागला म्हणजे

बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि तिकडे आळंद या पट्ट्यातील मराठी घरांत बोली दोन-तीन असतात. अंगणात कन्नड, बाजारात दखनी आणि माजघरात मराठी. ताटातली भाकरी मात्र एकच, ज्वारीची. ताजी असेल तर मऊ आणि वाळवून ठेवली असेल तर पापडासारखी कडक. शेंगांच्या चटणीबरोबर ती चार दिवस पुरते. ही भाकरी आपल्या भागाचे पोषण तर करतेच, परंतु एका विकाराची ती फार चोख परीक्षकही आहे. अन्ननलिका अरुंद होऊ लागली, की मऊ भात कित्येक दिवस बिनतक्रार उतरत राहतो. कोरडी, खरखरीत भाकरी तेवढी छातीशी अडून बसते. रोगाची पहिली वर्दी आपल्याकडे भाकरी देते. दुर्दैव असे, की ती वर्दी घरात कोणी ऐकून घेत नाही.

घरोघर काय घडते, ते वाचकांनी पाहिलेच असेल. सासरे जेवताना मध्येच थांबतात, छातीवरून हात फिरवतात, दोन घोट पाणी पितात आणि पुढला घास घेतात. सून समजूतदार असते. दुसऱ्या दिवसापासून ती भाकरी आमटीत कुस्करून देऊ लागते. महिन्याभराने कुस्करलेली भाकरीही जड जाते, म्हणून मऊ भात येतो. मग आंबील, मग पेज, आणि शेवटी नुसते दूध. या प्रत्येक पायरीवर घरातली माणसे प्रेमानेच वागलेली असतात. ‘दात गेले, वय झाले, आता एवढेच उतरायचे’ अशी सर्वांची समजूत असते. रोगीही पंगतीत बसावयाचे टाळतो, लग्नकार्यात ‘उपास आहे’ असे सांगून बाजूला होतो. अशा रीतीने चार-सहा महिने निघून जातात. वय झाल्याने दात जातात, भूक मंदावते, हे खरे. परंतु केवळ वयामुळे घास छातीत अडत नाही. अडत असेल, तर त्याला कारण असते आणि ते शोधलेच पाहिजे. आजच्या लेखाचे सार एवढेच आहे.

अन्ननलिका ही घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी होय. तिच्यातून अन्न नुसते खाली घसरत नाही. नळीच्या भिंती लाटेप्रमाणे आकुंचन पावत घास पुढे ढकलतात. निरोगी माणसात ही नळी घासाबरोबर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत सहज फाकते. वाट १३ मिलिमीटरच्या खाली आली, की घन अन्न अडू लागते. म्हणून या विकाराचा क्रम ठरलेला असतो: आधी भाकरी, मग पोळी, मग भात, आणि सर्वांत शेवटी पाणी. हा क्रम दिसला, की वाट हळूहळू बुजत आहे असे समजावे.

याच्याशी गल्लत होईल अशा तीन गोष्टी आहेत. पहिलीत घास गिळताच ठसका लागतो किंवा पाणी नाकातून येते. तेथे दोष बहुधा घशाच्या वा मज्जातंतूंच्या कामात असतो. अर्धांगवायूनंतर असे पुष्कळदा घडते. दुसरीत घन आणि पातळ दोन्ही प्रथमपासूनच अडतात. येथे नळी अरुंद झालेली नसते, तर जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू वेळेवर उघडत नाही. या विकाराला ‘अकॅलेशिया’ म्हणतात आणि त्यावरही आज चांगले उपचार आहेत. तिसरीत घशात सदैव गोळा असल्यासारखे वाटते, पण जेवताना काहीच अडत नाही, उलट बरे वाटते. यात धोका सहसा नसतो. डॉक्टरांना सांगताना ‘गिळवत नाही’ एवढे मोघम न सांगता यांपैकी काय होते, ते नीट सांगावे.

आता कारणांकडे वळू. पहिले कारण जठरातील आम्ल. वर्षानुवर्षे छातीत जळजळ आणि आंबट ढेकरा सोसणाऱ्या माणसाच्या अन्ननलिकेचे अस्तर खालच्या टोकाशी पुनःपुन्हा भाजते, भरून येते आणि त्या व्रणांनी नळी आवळते. यात एक फसगत आहे. वाट अरुंद झाल्यावर कधी कधी जळजळ कमी होते आणि आजार बरा झाला असे वाटते. तेवढ्यात भाकरी अडू लागते.

दुसरे कारण आपण घेतो त्या गोळ्या. डॉक्सिसायक्लीन, काही वेदनाशामके, लोहाच्या गोळ्या आणि हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधे घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्यास गोळी नळीतच चिकटते व तेथे जखम करते. गोळी बसून वा उभ्याने, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि अर्धा तास आडवे होऊ नये.

तिसरे कारण स्त्रियांनी विशेष ध्यानात ठेवावे. दीर्घकाळच्या रक्तक्षयात, म्हणजे शरीरातील लोह कमी झाल्यास, अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा तयार होऊ शकतो आणि घास घशाशीच अडतो. चेहरा पांढुरका, जीभ गुळगुळीत, नखे चपटी किंवा चमच्यासारखी खोलगट आणि घास अडणे, अशी लक्षणे एकत्र दिसली तर रक्त तपासून घ्यावे. लोह भरून निघाले आणि गरज पडल्यास पडदा एकदा फाकवला, की बहुतेकींना आराम पडतो. पुढेही अधूनमधून तपासणी मात्र हवी, कारण अशा रुग्णांत घसा व अन्ननलिकेच्या वरच्या भागाच्या कर्करोगाचा धोका काहीसा अधिक असतो.

चौथे कारण कर्करोग. तंबाखू, बिडी आणि दारू ही त्याची मुख्य कारणे असून ती एकत्र आली म्हणजे धोका बेरजेने नव्हे, तर त्याहून पुष्कळ अधिक वाढतो. ६५ अंशांहून अधिक उष्ण पेये पिण्याची सवयही संशयास्पद असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितले. तेव्हा वाफाळता चहा बशीत ओतून थोडा निवू देणारे आपले वडीलधारे काही चूक करीत नव्हते.

पाचव्या कारणाचा बळी बहुधा लहान मूल असते. कॉस्टिक सोडा, संडास साफ करण्याचे ॲसिड यांसारखे दाहक पदार्थ पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची वाईट चाल आपल्याकडे सर्रास आहे. बिदरी कामाच्या कारागिरांकडे मोरचूद असतो. तोही मुलांच्या हाताला लागू देऊ नये. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी असाच दाहक क्षार घरोघर साफसफाईसाठी असे आणि साखर समजून तो तोंडात टाकणारी मुले शेव्हलिए जॅक्सन या घशाच्या शल्यवैद्याकडे येत. पाण्याचा घोटही न उतरणाऱ्या या मुलांच्या नळ्या तो चिकाटीने थोड्या थोड्या रुंदावीत असे. परंतु एकेका मुलावर उपचार करून तो थांबला नाही. अशा डब्यांवर ‘विष’ असे ठळक छापणे सक्तीचे व्हावे म्हणून त्याने अनेक वर्षे खटपट केली आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. आपल्या घरात तो कायदा आपणच करावयाचा आहे. दाहक पदार्थ मूळच्या बाटलीत, कुलपात आणि उंचावर ठेवावा.

तरीही अपघात झालाच, तर ओकारी काढू नये, कारण तोच पदार्थ वर येताना पुन्हा भाजतो. मिठाचे पाणी, लिंबू, ताक यांचा उतारा म्हणून मारा करू नये. तोंड स्वच्छ धुवावे आणि बाटलीसह रुग्णालय गाठावे. आठवड्याभरात मूल खाऊपिऊ लागले म्हणजे संकट टळले असे मानू नये. जखम भरताना नळी आवळते ती साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत. त्या काळात तपासणी चुकवू नये. रिमोट, घड्याळ व खेळण्यांतील नाण्यासारखी चपटी बॅटरी नळीत अडकली, तर दोन तासांतही ती अस्तर जाळते. मुलाने ती गिळल्याची नुसती शंका आली, तरी सकाळची वाट पाहू नये.

उपचाराची वाट माणसाने किती कष्टाने शोधली, याचा इतिहास उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये टॉमस विलिस या वैद्याने १६७४ मध्ये अशा एका रोग्याची हकीकत नोंदवली. त्याने देवमाशाच्या लवचीक हाडाच्या टोकाला स्पंज बांधून दिला आणि तो रोगी प्रत्येक जेवणात त्या काठीने अन्न खाली ढकलून वर्षानुवर्षे जगला. १८६८ मध्ये जर्मनीत कुसमाउल याने तलवार गिळणाऱ्या खेळाडूच्या घशातून सरळ नळी घालून प्रथम आत डोकावून पाहिले. वळणारी, काचतंतूंची दुर्बीण आली ती १९५७ मध्ये, हिर्शोवित्झ यांच्या प्रयत्नाने. आज करंगळीएवढ्या जाडीची नळी घशात फवारा मारून किंवा गुंगी देऊन आत घालतात; काही मिनिटांत अडथळा डोळ्यांनी दिसतो आणि तेथील कणभर तुकडा तपासणीला घेता येतो. याच्या जोडीला बेरियम पाजून क्ष-किरण छायाचित्रही काढतात.

अडथळा साधा असेल, तर त्याच वाटेने निमुळत्या नळ्या किंवा छोटा फुगा घालून तो रुंदावतात. हे काम एका झटक्यात करावयाचे नसते. दर वेळी थोडेच फाकवून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा बोलावतात; रोग्याने मध्येच जाणे सोडू नये. आम्लामुळे झालेल्या विकारात आम्ल रोखणाऱ्या गोळ्या पुढेही घ्याव्या लागतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या या औषधांमुळे नळी पुन्हा आवळण्याचे प्रमाण घटले आहे. नळी फाटण्याचा धोका थोडा, परंतु खरा असतो. म्हणून उपचारानंतर छातीत तीव्र दुखू लागल्यास, ताप वा दम लागल्यास त्याच दिवशी परत जावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आधीच सांगावी.

येथे एक कटू सत्य सांगणे भाग आहे. व्रणाने आवळलेली नळी आणि कर्करोगाने आवळलेली नळी यांत भाकरी सारखीच अडते. रोग्याला काय, वैद्यालाही नुसत्या वर्णनावरून फरक खात्रीने सांगता येत नाही. पहिल्या प्रकारात सहा महिने दवडले, तर माणूस वाळतो, पण पुन्हा जेवू लागतो. दुसऱ्या प्रकारात भाकरी अडू लागते तेव्हाच रोगाने नळीचा मोठा घेर व्यापलेला असतो. त्यापुढे पेजेवर काढलेला प्रत्येक महिना म्हणजे शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांनी बरे होण्याची हातची गेलेली संधी होय. कुस्करलेल्या भाकरीने रोग्याचे पोट भरते. रोगालाही तेवढी सवड मिळते.

सुदैवाने तपासणीसाठी पूर्वीसारखे मुंबईपर्यंत धावण्याची गरज राहिलेली नाही. कलबुर्गीत १९६३ पासूनचे महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, शासकीय वैद्यकीय संस्था आहे आणि बेंगळुरूच्या किदवाई कर्करोग संस्थेचे केंद्रही आहे. बिदरला २००७ पासून शासकीय वैद्यकीय संस्था आहे. पश्चिमेकडे सोलापूर आणि बार्शीचे कर्करोग रुग्णालय, पूर्वेकडे हैदराबाद. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आपल्या भागाची वाटणी झाली, तरी रोग्यांची ये-जा या सर्व दिशांना चालूच आहे. फक्त एक काळजी घ्यावी. सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर सीमेपलीकडील रुग्णालयात उपचार मिळतील का, हे निघण्यापूर्वीच विचारावे. तेथे पोहोचल्यावर ‘चालत नाही’ असे कळले, की रोगी घरी परततो तो पुन्हा लवकर बाहेर पडत नाही. आणि वृद्ध माणसाला कन्नड नीट बोलता येत नसेल, तर ‘नुंगलिक्के आगंगिल्ल’, म्हणजे गिळता येत नाही, एवढे दोन शब्द तरी शिकवून ठेवावे. सोबत जाणाऱ्याने केव्हापासून, कोणते अन्न, कोठे अडते आणि वजन किती उतरले, हे कागदावर लिहून न्यावे.

उपचार चालू असताना मऊ अन्न द्यावेच. डाळीचे घट्ट वरण, दूध, दही, अंडे, शिजवून घोटलेली भाजी, शेंगदाण्याचे बारीक कूट घातलेली खीर. लहान घास, सावकाश चावणे, ताठ बसणे आणि जेवणानंतर दोन-तीन तास आडवे न होणे, हे नियम पाळावेत. अडलेल्या घासावर केळे किंवा भाताचा गोळा गिळून त्याला ढकलू पाहणे धोक्याचे आहे. स्वतःची लाळही गिळता येईनाशी झाली, तर तो घास त्याच दिवशी रुग्णालयात काढून घ्यावा.

घरातील स्वयंपाक जिच्या हाती आहे, तिला सर्वांच्या आधी हे कळते. तेव्हा गृहिणींना आमची विनंती आहे. कोणाच्या ताटातील भाकरी उरू लागली, कोणी ती कुस्करून मागू लागले, तर अवश्य कुस्करून द्या. परंतु त्याच दिवशी दिनदर्शिकेवर खूण करा. दोन आठवड्यांत भाकरी पूर्ववत उतरू लागली नाही, तर दुर्बिणीच्या तपासणीचा दिवस ठरवा. वजन घटत असेल, उलटीत रक्त वा शौचाला काळे होत असेल, तर दोन आठवडेही थांबू नका.