खेरडीतला फ्लॅट आणि आल्वारा

सिल्वासाजवळ खेरडीत फ्लॅट स्वस्त मिळतोय, घेऊन टाकू का, असे मित्राने विचारले. म्हटले, अरे बाबा, आधी जमिनीचा मूळ कागद बघ! आल्वारा हा शब्द गोंयकाराला नवा नाही. दादरा नगर हवेलीतही पोर्तुगीजांनी शेतीसाठी आल्वारे दिले होते. जमीन कसली नाही म्हणून १९७४ साली कलेक्टरने त्यातले काही रद्द केले. वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. बिल्डरच्या रंगीत पत्रकात हे नसते.

आणि दिल्लीवाले आमच्या जमिनी गिळतात म्हणून पणजीत ओरडणारे आम्ही, वारल्यांच्या मुलखात मात्र फक्त भाव विचारतो? १९५४ च्या २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले, त्या लढ्यात गोवेकरही होते. ते काही प्लॉट बघायला गेले नव्हते.

मित्र गप्प. कागद मागवला की नाही, अजून कळवलेले नाही.