विस्मरण झालेल्या वृद्धांना घर हवे, गोदाम नको

निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही शाल-श्रीफळ देतो आणि उर्वरित आयुष्य सुखाचे जावो, अशी शुभेच्छा देतो. त्यानंतर युनियनचा त्याच्याशी संबंध उरतो तो पेन्शन, महागाई भत्ता आणि पास यांच्यापुरता. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण ज्याला आपण कुठे निघालो हेच आठवत नाही, त्याने पासाचे काय करायचे?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील दर शंभरांत सातांहून अधिक, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. हा म्हातारचळ नव्हे, मेंदूचा आजार आहे. पहाटे तीनला उठून ड्यूटीवर निघणारा निवृत्त ड्रायव्हर, स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी न्या' म्हणणारी आई, ही उदाहरणे कोणत्याही रेल्वे कॉलनीत सापडतील. 'मुलांनी सांभाळावे' असे म्हणणे सोपे आहे. मुले नोकरीसाठी परगावी असतात. प्रत्यक्षात सांभाळते ती स्वतः साठी ओलांडलेली पत्नी, नाहीतर नोकरी सोडून घरी बसलेली सून. त्यांना रजा नाही, साप्ताहिक सुटी नाही.

मग पाठवायचे कुठे? बहुतेक वृद्धाश्रमांची पहिली अट असते की, स्वतःचे स्वतः करता आले पाहिजे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधार वृद्धांसाठी जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा, असे म्हटले आहे. पण तो किमान १५० जणांचा. विस्मरणाच्या रुग्णाला दीडशे चेहऱ्यांच्या गर्दीत ठेवले तर तो अधिकच भांबावतो. त्याला लागतात तीच माणसे, तीच खोली, तेच जेवणाचे टेबल.

जपानने हे ओळखले. तेथे अशा वृद्धांच्या छोट्या घरात एका गटात ५ ते ९ जणच राहतात. प्रत्येकाला स्वतःची खोली, स्वयंपाकघर आणि बसण्याची जागा सामाईक. ज्याला जमेल तो भाजी चिरतो, कपड्यांच्या घड्या घालतो. एप्रिल २००० पासून ही घरे सरकारी दीर्घकालीन शुश्रूषा विम्यात आली. या विम्याची वर्गणी चाळिशीपासून भरावी लागते आणि तितकाच भार सरकारी तिजोरी उचलते. शुश्रूषेच्या खर्चातला साधारण दहावा हिस्सा रुग्ण देतो. भाडे व जेवण वेगळे.

पण घर लहान केले म्हणजे काम झाले, असे नाही. जानेवारी २००६ मध्ये नागासाकी प्रांतातील ओमुरा येथे अशाच एका घराला रात्री आग लागून ७ वृद्धांचा मृत्यू झाला. रात्रपाळीला कर्मचारी एकच होता. त्यानंतर तेथील नियम कडक झाले. हा धडा आम्ही कामगारांनी विसरता कामा नये. आपल्याकडे शुश्रूषा करणाऱ्या आयाबाईंना बारा-बारा तास राबवले जाते, पगारातला वाटा एजन्सी कापून घेते आणि प्रॉव्हिडंट फंडाचे नाव नसते. अशा नोकरीत कोण टिकणार? आणि दर महिन्याला माणूस बदलला, तर रुग्णाने कोणाला ओळखायचे? दमलेल्या ड्रायव्हरच्या हाती गाडी देऊ नका, म्हणून आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. दमलेल्या बाईच्या हाती नऊ असहाय माणसे सोपवणेही तितकेच धोक्याचे आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. रेल्वे कॉलन्यांतील रिकामी पडलेली क्वार्टर्स दुरुस्त करून, रेल्वे हॉस्पिटलच्या जवळ, आठ-नऊ जणांची घरे काढा. आर.ई.एल.एच.एस. योजनेतून आज औषधोपचार मिळतात, कायमचा सांभाळ मिळत नाही. तो योजनेत आणा. तेथील कर्मचारी कंत्राटी नकोत. प्रशिक्षण, आठ तासांची पाळी, पूर्ण वेतन आणि रात्री किमान दोन माणसे हवीत. जे कुटुंब घरीच सांभाळू इच्छिते, त्याच्यासाठी याच घरात दिवसापुरती सोय ठेवा.

पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न प्रशासन विचारील. त्याचे उत्तर आम्ही आधीच देतो. नोकरीत असतानाच दरमहा थोडी वर्गणी द्यायला कामगाराने तयार असावे, आणि तेवढीच रक्कम रेल्वेने घालावी. तरुण सभासद कुरकुर करतील. त्यांना समजावणे हे पुढाऱ्यांचे काम आहे.

प्रत्येक शाखेने आपल्या भागातील असे किती पेन्शनर आहेत, त्यांना कोण सांभाळते, याची घरोघर जाऊन नोंद करावी आणि ठरावासह केंद्रीय कार्यालयाकडे पाठवावी. आकडे हाती असल्याशिवाय वाटाघाटीच्या टेबलावर कोणी ऐकत नाही, हा आपला जुना अनुभव आहे. ज्यांनी ही युनियन उभी केली, त्यांतले काही आज युनियनचे नावही विसरले आहेत. आपण त्यांना विसरून चालणार नाही.