चेहरा निवडता येतो, किंमत नाही



परवा आमच्याकडे प्लेनोत पॉटलक होतं. माझी मुलगी व्हिडिओ गेमसाठी नायिका तयार करत होती. नाक, केस, रंग सगळं तिच्या मनासारखं. एका मित्राने शेरा मारला, "जिला कुणीही काहीही करू शकतं, तिला कसलं आलंय व्यक्तिमत्त्व? त्यापेक्षा पुण्यात बनलेला 'राजी' (२०२०) बघा. पळवलेल्या भावाला शोधणारी ठाम मुलगी, लेखकाने घडवलेली!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

'राजी' मलाही आवडतो, पण हा युक्तिवाद पटत नाही. मी धातूंवर संशोधन करते. नमुन्याला कितीही पॉलिश करा, ताण दिल्याशिवाय त्याचा स्वभाव कळत नाही. माणसाचंही तेच.

'मास इफेक्ट'मधल्या (२००७) शेपर्डचा चेहरा, रंग, लिंग आपण ठरवतो. कातडी कोणतीही घ्या, त्या जगाला फरक पडत नाही. तो नुसता पॉलिश. पण एका मोहिमेत दोन साथीदारांपैकी एकालाच वाचवता येतं, आणि गेलेला साथीदार पुढच्या दोन्ही भागांत परत येत नाही. तिथे शेपर्ड 'कुणीतरी' होते.

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९) आणखी पुढे जातो. त्यात सहा जन्मकथा आहेत. एक आहे ओरझामार नावाच्या भूमिगत शहरातली. तिथे जातिव्यवस्था आहे आणि जातीबाहेरच्यांच्या चेहऱ्यावर खूण गोंदलेली असते. हा जन्म घेतलात, की पुढे मानाचं पद मिळवून परतलात तरी लोक तुमची जात काढतात. उमराव घराण्यातला जन्म घेतलात, तर त्याच शहरात वेगळी वागणूक. नायक तुम्हीच बनवलेला, पण जग त्याला मोकळं सोडत नाही. हे व्यक्तिमत्त्व नाही तर काय?

म्हणजे दोष निवडीच्या सोयीचा नाही. जो गेम रंग निवडू देतो आणि त्या रंगाची किंमत लपवतो, तो खोटा.

आता थोडं आपल्याविषयी. इथे येऊन आपणही नावं आखूड केली, उच्चार बदलले. त्याच पॉटलकला "इकडे जात कुठे असते?" असंही कुणी म्हणालं. बोलणाऱ्याला जात कधी आडवी आलीच नव्हती. ओरझामारमधल्या उमरावालाही ती खूण स्वतःच्या गालावर दिसत नाही.

मुलीला मी एवढंच म्हटलं: चेहरा हवा तसा कर, पण जग तिला काय म्हणतं, ते नीट ऐक.