कुटाशिवाय भाजी

आमच्या ढोकीत शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी होत नाही, आणि नातवाला नेमका शेंगदाणाच चालत नाही. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. सुनेनं मिक्सरचं भांडंसुद्धा वेगळं ठेवलंय. पाहुणे मात्र म्हणतात, "थोडं खाऊ द्या, सवय होईल." असली सवय घरी लावायची नसते, बाबांनो!

बंद पुड्यावर शेंगदाणा, दूध, अंडं असल्याचं छापणं २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. पण जत्रेतल्या चिक्कीला, पंगतीतल्या आमटीला कुठलं लेबल?

शाळेच्या प्रवेश अर्जात अ‍ॅलर्जीचा रकाना हवाच. तो वाचायला हवा पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी, नुसतं फायलीला लावून भागणार नाही. श्वास घुसमटला तर अ‍ॅड्रेनालिन मांडीत लगेच टोचावं लागतं. खाजेची गोळी तिथं पुरत नाही, हे गुरुजींनाही माहीत असावं.